माझ्या वतीने कोणी उत्तर देऊ नये

मी, सुंदरा पदू घारे, वय वर्षे चौसष्ट, राहणार पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मला ऐकू येत नाही. समजतं सगळं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असा डॉक्टर श्रद्धा ठोंबरे यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो का लागला ते कलम चारमध्ये येईल.

१. माझे कान जन्मापासून असे नव्हते. खालापूरकडच्या एका कारखान्यात सुताला पीळ देणाऱ्या यंत्रांवर मी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे बोलणं ओठांवरून वाचायचं, हे आम्ही बायका आपोआप शिकलो. पुढे सुट्टीच्या दिवशीही कानात आवाज राहू लागला, पाण्याची मोटार चालू असल्यासारखा. दुपारी जरा आडवी झाले की मी यजमानांना मोटार बंद करायला सांगे. ती बंदच असे. तरी ते उठत, विहिरीपर्यंत जाऊन येत आणि माझ्यासमोर बसून म्हणत, "बंद केली गं." ते जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज आहेच.

२. कानात घालायला बोळे मागितले, तेव्हा सुपरवायझर साईनाथ यांनी हे वयाचं दुखणं आहे म्हणून परत पाठवलं. मी तेव्हा चाळिशीचीही नव्हते. मग माझ्या शेजारच्या यंत्रावरची मोतीबाई भगत आणि मी सगळ्या बायकांना घेऊन ऑफिसच्या दारात बसलो, तेव्हा कानांवर लावायची झाकणं आली. ती मागून आलेल्या मुलींच्या उपयोगी पडली. माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही, असं एक वाक्य घालावं, असं मुलगी हर्षला हिने सुचवलं. ते घालत नाही.

३. माझं श्रवणयंत्र मोतीबाईला द्यावं. मला त्याने नुसता गोंगाट वाढतो; तिचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत, तिला नातवंडांचं बोलणं तरी कळेल. ते तिच्या कानाला बसवून घेण्याचा खर्च माझ्या बचतीतून करावा. उरलेली बचत हर्षलाची.

४. पोशीरचं भाताचं शेत मी माझ्या पगारातून घेतलं. सातबारा माझ्या नावे आहे. गेल्या वर्षी मुलगा संतोष याने पेन्शनच्या सहीसाठी म्हणून मला कर्जतच्या नोंदणी कार्यालयात नेलं. सून माधवी बरोबर होती. साहेबांनी मला काहीतरी विचारलं, पण मान खाली घालून, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. संतोषने दिलेलं उत्तर मात्र दिसलं: "तिला काय समजत नाय. मी सांगतो ना."

तरीही, पोटचा मुलगा म्हणून, मी पेन उचललं. तेवढ्यात माधवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश बोलली, "आई, ही शेत विकल्याची सही हाय. तुमाला ठाऊक हाय का?"

मी पेन खाली ठेवलं. नवऱ्यादेखत असं बोलल्यावर तिला माहेरी जाऊन राहावं लागलं. मी स्वतः जाऊन तिला परत आणलं. हे शेत एकट्या माधवीला मिळावं. पिकवायचं की विकायचं, ते तिने ठरवावं. तिच्या वतीनेही कोणी ठरवू नये.

५. राहतं घर संतोष आणि हर्षला यांना निम्मं-निम्मं. मुलाला वगळायचं का, असं वकिलांनी दोनदा विचारलं. वगळायचं नाही. त्याचा टेंपोचा धंदा बसला होता, तो घाबरला होता, आणि त्या घाबरण्यात आईचं बहिरेपण त्याला सोयीचं वाटलं. त्याने समोर बसून सगळं सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं.

६. सहीपूर्वी वरचा मजकूर लिहून ठेवणाऱ्याला वाचून दाखवावा, असं वकील म्हणाले. मी तो स्वतः वाचला. मग उभी राहून साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. माझा आवाज कसा येतो ते मला कळत नाही, पण कुणी मला थांबवलं नाही. संतोष दारात उभा होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

लिहून ठेवणार: सुंदरा पदू घारे (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. डॉ. श्रद्धा ठोंबरे, दहिवली (सही)
२. मनोज कराळे, नेरळ (सही)

स्थळ: पोशीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५