दादाचं तारण आणि खोबऱ्याची चटणी

आबा,

या रविवारी आमच्या नव्या पाळकांनी आत्म्याच्या तारणावर उपदेश केला. एकदा प्रभूने माणसाला आपलं म्हटलं की ते कायमचं, ते कुणालाच घालवता येत नाही, अगदी त्या माणसालासुद्धा नाही, असं ते हसतमुखाने सांगत होते. बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि मी बाकावर बसून तुमच्यावर जळफळत होते. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, माझे केस पिकले, गुडघे कामातून गेले, पण तुमच्यावरचा राग काही म्हातारा होत नाही. घरी आले ती चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. समोर असता तर माझं पहिलंच वाक्य तोडून तुम्ही एखादं वचन तोंडावर फेकलं असतंत. आता तुम्ही ऐका.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या, आणि प्रभुभोजनालाही त्याच भाकरीचे तुकडे. एरवी आई मनुका भिजवून त्यांचं पाणी द्राक्षारस म्हणून द्यायची, त्या वर्षी गुळाच्या पाण्यावर भागवलं. तुम्ही उपदेशक, सायकलला पिशवी अडकवून खेड्यापाड्यांत फिरणार, आणि घर चालणार ते दादाच्या मजुरीवर. तो बोरी गावाच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर जायचा. मी तेव्हा नर्सिंगला जायच्या तयारीत होते. काम सुरू व्हायच्या दिवशी मुकादमाने कुदळीची पूजा केली, नारळ फोडला आणि एकेकाच्या कपाळाला गुलाल लावत निघाला. दादाच्या शेजारी आमच्याच गावची बौद्ध पोरं होती, त्यांनी सरळ नको म्हटलं. मुकादम तसाच पुढे सरकला. दादाने मात्र कपाळ पुढे केलं. हातावर पडलेला खोबऱ्याचा तुकडा त्याने खाल्ला नाही, रुमालात बांधून घरी आणला, आणि आईने त्याची लसूण घालून चटणी वाटली.

ती चटणी सगळ्यांत जास्त तुम्ही खाल्लीत, आबा. परत मागून घेतलीत. "लय दिसांनी खोबरं लागलं तोंडाला," म्हणालात, आणि मग सहज विचारलंत, कुठून आणलं. आईने दादाकडून ऐकलेलं सगळंच सांगितलं, पूजा, ती बौद्ध पोरं, तिच्या मनात काहीच नव्हतं. पूजेचं खोबरं ख्रिस्ती पोटात राहू नये म्हणून तुम्ही ताटावरून उठलात, मागच्या अंगणात गेलात आणि घशात बोटं घालून सगळं ओकून टाकलंत. लोक मूठभर धान्यासाठी खडी फोडत होते त्या वर्षी! आई तांब्या घेऊन दारात उभी राहिली. आत येऊन तुम्ही दादाला विचारलंत, "टिळा बी लावून घेतला?"

"घेतला. समदेच घ्यायलते."

"ती बौद्धांची पोरं न्हाई म्हनली. तुला जीभ नव्हती?"

"होती की. पर त्यो भला माणूस हाय, आबा. त्येनं मायेनं लावला. घामानं गेला बी पुसून."

मला तर वाटलं, प्रकरण इथेच मिटलं. पण रविवार आला. सतरंजीवर मंडळी बसलेली, तुम्ही प्रभुभोजनाची ताटली घेऊन ओळीने येताय. दादाने हात पुढे केलेला आहे. तुम्ही त्याच्यासमोर थांबता, त्याच्याकडे बघता, आणि पलीकडच्याला तुकडा देता. दादाचा हात जरा वेळ तसाच राहतो, मग तो त्या हाताने उगीच गुडघा खाजवतो. मला आजही त्या ओळीतून उठून तुमच्या हातातली ताटली उडवावीशी वाटते. ताटली ठेवून तुम्ही पुढे उभे राहिलात आणि ग्रंथातल्या भाषेत बोललात, की ज्याने प्रकाश पाहिला आणि तरी पाठ फिरवली, त्याने आपलं तारण आपल्या हाताने घालवलं, त्याला पुन्हा आत आणणं माणसाच्या हातात नाही. नाव घेतलं नाहीत. घ्यायची गरजही नव्हती, सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या.

घरी आई तुमच्यावर तुटून पडली. "खोबरं तुमच्या बी पोटात गेलतं. वकून टाकलं म्हंजी देवाला दिसलं न्हाई व्हय?" तुम्ही म्हणालात, "मला ठावं नव्हतं. त्येला ठावं होतं." त्यावर ती म्हणाली, "मंग तुमचा देव लयच ढिल्या हाताचा दिसतो. धरलेलं लेकरू चिमटभर गुलालानं सुटायलंय त्येच्या हातातून." तुम्ही दार लोटून घेतलंत. मग म्हणालात, "दुसऱ्याचं पोरगं असतं तर समजून घेतलं असतं. माझं हाय, म्हणून मला सोडता येत न्हाई. लोक काय म्हणतील?" हे शेवटचं तुम्ही हळू बोललात, पण मी चुलीपाशीच होते. म्हणजे तारण जातं की राहतं हा प्रश्न तुम्ही शास्त्र उघडून नव्हे, लोकांच्या तोंडाकडे बघून सोडवला होता.

दादा पुन्हा आपल्या देवळात उपासनेला आला नाही. कामावर मात्र रोज जात होता. उन्हाळा सरायच्या आत मुरूम खणताना वरची दरड त्याच्या अंगावर आली. त्याला घरी आणणाऱ्यांत मुकादम होता, ती बौद्ध पोरं होती. तुम्ही परभणीहून दुसरे उपदेशक बोलावून घेतलेत, मातीच्या वेळी तेच बोलले, तुम्ही मागे उभे राहिलात. लोकांना वाटलं बाप आहे, धीर सुटला असेल. आईला तसं वाटलं नाही. घरी आल्यावर तिने चूल न पेटवता विचारलं, "माजं लेकरू कुठं हाय? आख्ख्या गावाला सांगत फिरता ना, मंग मला सांगा." आणि तुम्ही म्हणालात, "मला सांगता येत न्हाई."

तुम्हाला सांगता येत होतं. एका बाईला तिच्या घरात, तिच्या पोराबद्दल एक वाक्य. खोटं वाटत होतं तर खोटं सांगायचं होतं. आयुष्यभर तुम्ही दुसरं काय केलंत, परक्या माणसांना त्यांची मेलेली माणसं कुठे आहेत तेच तर सांगत आलात.

पुढे आपल्या मंडळीतले एक वडीलधारे गेले. नातवासाठी त्यांनी दर्ग्याला बकरा कबूल केला होता आणि तो वाजतगाजत नेऊन फेडलाही होता. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. पण त्यांच्या घरच्यांनी देवळाचे पत्रे घातले होते. त्यांच्या खड्ड्याशी उभं राहून तुम्ही भरल्या आवाजात सांगितलंत, की प्रभूची मेंढरं त्याच्या हातातून कुणीही हिसकावून घेऊ शकत नाही. तुम्हाला ते वचन येत होतं, आबा! पाठ होतं! आई तिथून उठली आणि चालत घरी आली. त्यानंतरही ती रविवारी यायची, पण ताटली समोर आली की हात पदराखाली घ्यायची. मरेपर्यंत तिने तो तुकडा घेतला नाही. तुम्ही तिला कधी विचारलंही नाहीत.

नोकरीच्या निमित्ताने मी चार गावं फिरले आणि जिथे गेले तिथल्या पाळकांना दादाचं विचारलं. कुणी म्हणालं तारण जातं, कुणी म्हणालं जात नाही, एकाने चहा पाजला आणि विषय बदलला. या रविवारी उपासना संपल्यावर नव्या पाळकांना गाठलं. त्यांनी एक क्षण विचार केला नाही. "मावशी, तो प्रभूजवळच आहे. मनात शंकाच आणू नका." मी तिथे, चपला घालता घालता, मोठ्याने रडले. एवढं सोपं होतं ते. आणि फाटकापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच लक्षात आलं, की हा नियम दादाला लागू तर तुम्हालाही लागू.

दुपारपासून मी दुसरी वाट शोधते आहे. तारण जाऊ शकतं असं धरलं, तर त्या ताटलीपाशी तुमचं गेलं, आणि मला ते मनापासून चालेल. पण मग गुलालापायी दादाचंही गेलं असं कुणीतरी म्हणणारच. त्याला आत घेईल आणि तुम्हाला बाहेर उभं करील अशी शिकवण कुठल्याही मंडळीत मिळाली नाही, मी खरंच खूप शोधली. आणि दादाला मी सोडणार नाही. तेव्हा तुम्हीही आत आहात, हे मी आज नाइलाजाने मान्य केलं आहे. आनंदाने नाही, हे लक्षात ठेवा.

हे पत्र फाडून टाकीन, पाठवणार तरी कुठे. पण तिथे दादाच्या शेजारी आपण होऊन बसू नका. त्याने बोलावलं तरच बसा. तो बोलावील, मला माहीत आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.