आटलेला बूट आणि जादाचा एक्स

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकूनच, तुझ्या दाराच्या चौकटीने माझं कपाळ आधीच फोडलंय). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं घोरणं अजून शेजाऱ्यांपर्यंत पोचतं का? आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे आता आहोत. मधे काय झालं ते सांगतो, पण आईला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

गेल्या महिन्यात माझा डावा बूट आटला. सलूनमध्ये दिवसभर उभं राहून लोकांची डोकी भादरायची, त्यात माझी ही उंची, म्हणजे पाठीची कमान करूनच कात्री चालवायची. पाय दुखणं, शिरा फुगणं हे नेहमीचंच (तू म्हणायचीस, आळशी माणसाचे पाय आधी दुखतात). पण बूट आटावा? मी तडक दुकानात जाऊन चारचौघांत भांडलो. दुकानदाराने शांतपणे दोन्ही बूट एकमेकांना लावून दाखवले. सारखेच! मग म्हणाला, "साहेब, आता जरा पाय लावून बघा." बघितले. डावा पाय उजव्याचा थोरला भाऊ दिसत होता.

दवाखान्यात कळलं, शिरेत रक्ताची गुठळी झालीये. डॉक्टरीणबाई उंचीने माझ्या कोपराएवढ्या, पण नजर भारी. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "दाढी रोज करावी लागते?" मी म्हटलं, "लोकांची रोज करतो." त्या हसल्या नाहीत. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि निघालं काय, तर पुरुषाच्या गुणसूत्रांत एक्स एक आणि वाय एक असतो, माझ्यात एक्स दोन! जन्मापासून! (बायको म्हणाली, "बघा, घरात एक तरी वस्तू जादा निघाली.") अशा पुरुषांची उंची जास्त, दाढी विरळ, गुठळ्या व्हायचा धोकाही जास्त, आणि धमन्याही कधीकधी हव्या तेवढ्या सैलावत नाहीत म्हणे. ते बघायला माझ्या दंडावर पट्टा करकचून आवळला, मग सोडला. सोडल्यावर धमनी छान रुंदावायला हवी. माझी पडद्यावर सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखी उघडली, किंचित, तीही उपकार केल्यासारखी.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्या, रोजचं चालणं आणि पायात एक घट्ट मोजा. तो चढवायला सकाळी मी पलंगाला धरून बसतो, बायको मोज्याला धरून ओढते आणि दोघंही घामाघूम होतो. तेवढाच व्यायाम. सूज बरीच उतरली आहे, काळजी करू नकोस.

तुझा, एका एक्सने जादा असलेला,
भाऊ

ता. क. आईला एवढंच सांग की पाय मुरगळला होता. नाहीतर ती पहिल्या गाडीने येऊन मोजा स्वतः ओढायला बसेल.

आणखी एक ता. क. वरचं ता. क. खोडलंय असं समज. आईला सगळं सांग. डॉक्टरीणबाईंनी अजून एक सांगितलं: आम्हाला मूल झालं नाही ते या जादाच्या एक्समुळे. म्हणजे माझ्यामुळे. इतकी वर्षं आई हिला टोचून बोलत आली आणि ही निमूट भांडी घासत राहिली. मी घरी आल्यावर हिला सांगितलं, तर म्हणाली, "राहू द्या, आता या वयात आईंना कशाला वाईट वाटायला लावायचं?" आणि आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मी सांगायला गेलो तर मधेच विनोद करीन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून तू सांग. आणि आईला म्हणावं, फोन सुनेला कर. मला नको, माझा पाय बरा आहे.