चंदनचं विरजण

प्रिय स्वाती,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लवकर द्यायला हवं होतं. फोन केला असता, पण घरात फोन एकच आणि बुधरी जवळच असते. आज ती भाताच्या रोवणीला गेली आहे, म्हणून लिहायला बसलो. लाकूड आगारातल्या नोकरीत मी लाकडांची मापं सोडून फारसं काही लिहिलं नाही. चुकलंमाकलं समजून घे.

तू मागितलेलं विरजण आता आमच्याकडेही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू वाट बघत राहणार नाहीस.

मे महिन्यात कॉलेज बंद असताना वीज जात राहिली, फ्रीज बंद पडला आणि चंदनने तुमच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या विरजणाच्या सगळ्या नळ्या खराब झाल्या, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून दिलं. चंद्रपूरचा उन्हाळा मला माहीत आहे. त्यात कोणाचा दोष नाही. तुमच्या सरांनी हे काम थांबवायचं ठरवलं असंही तू एका ओळीत लिहिलं आहेस. तुझं पुढे काय, ते लिहिलं नाहीस.

विरजण हा शब्द बुधरीचा. चंदन जिवाणू म्हणायचा. आरा मशीनमागच्या कुजक्या भुशाच्या ढिगातून त्याने ते काढले. लाकडाचा जो कडक भाग वाळवीलाही नीट पचत नाही, तो हे खातात आणि अंगात तेल साठवतात, असं त्याने आम्हाला समजावून सांगितलं होतं. पुढे त्या तेलावर इंजिन चालेल म्हणायचा. बुधरी त्याला सोडायची नाही. म्हणायची, "लाकूड खाऊन तेल देते म्हने! तुह्या बापाचा जनम आगारात गेला, त्याच्या अंगाले तं कधी तेल सुटलं नाई." तो म्हणायचा, "माय, तू बाबाले भुसा चारून पाह्यला का कधी?" एकदा त्याने औषधाच्या बाटलीत थोडं पिवळं तेल आणलं. बुधरीने लगेच पणतीत ओतून वात लावली. "एवढ्यासाठी मी सहा महिने राबलो ना वो," म्हणून तो डोक्याला हात लावून बसला. वात जळत होती तोवर आम्ही तिघंही तिथेच बसून होतो.

त्याचं सिकलसेलचं दुखणं हिवाळ्यात वाढलं आणि त्याचं रोजचं चंद्रपूरला जाणं बंद झालं. तेव्हा तो एका बाटलीत थोडं विरजण घरी घेऊन आला. मागच्या पडवीत ओल्या रेतीत दोन गाडगी पुरली, त्यात पाणी आणि भुसा. त्यांना हवा लागते म्हणून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. सांधे धरले की त्याला काठी फिरवता यायची नाही, मग बुधरी ढवळायची. तो खाटेवरून सांगायचा, "हळू वो माय, वरण नाई ते." तुझा फोन आला की तो उठून अंगणात जायचा. परत आला की ती विचारायची, "काऊन रे, जिवाणूचा फोन होता का?" त्याने आम्हाला तुझ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. तिने ओळखलं होतं.

एप्रिलमध्ये दुखणं छातीत उतरलं आणि त्यातच तो गेला. दवाखान्यात तू आमच्यासोबत होतीस. मातीलाही आलीस आणि तिथूनच परत गेलीस. त्यानंतर घरी काय झालं ते तुला माहीत नाही.

आमच्यात माणूस गेल्यावर घरातलं साठलेलं पाणी ठेवत नाहीत. जीव त्या पाण्यावर येतो आणि तिथेच अडकतो, असं मानतात. घागरी, रांजण सगळं रिकामं करायचं, मातीचं भांडं असेल तर फोडायचं. मी मातीहून परतलो तेव्हा बायका पडवीपर्यंत आल्या होत्या. शेजारची बायनाबाई म्हणत होती, "हे राहू दे वो बुधरी, हे पानी नाई, पोराचं काम हाये." बुधरी म्हणाली, "पानीच तं हाये. रोज त्याचा हात लागे. तो इथीच घुटमळत राह्यला, मंग? आधीच किती सोसलं त्यानं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "स्वातीकडे हाये ना विरजण?" मी हो म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं. दही संपलं तर शेजारून आणता येतं, तसा तिचा हिशेब होता. तिने दोन्ही गाडगी कोणालाही हात लावू न देता स्वतः उचलली, कुंपणाशी नेऊन ओतली आणि फोडली.

तुझं पत्र आल्यावर मी आरा मशीनवर जाऊन आलो. तो ढीग वीटभट्टीवाल्याने उचलून नेला आहे. खालची जमीनसुद्धा खरवडून साफ केली आहे. आणखी कुठे शोधायचं ते मला सुचलं नाही. दोन वर्षं तुम्ही दोघांनी त्यातले जिवाणू निवडून निवडून वाढवले होते, ते असे पुन्हा सापडणारही नाहीत, एवढं मला कळतं.

तुझं पत्र मी बुधरीला वाचून दाखवलं नाही. तू तब्येत विचारली आहेस, एवढंच सांगितलं. ती जेवते, कामाला जाते, ते एकाच गोष्टीवर. हापशीवर कोणी चंदनचा विषय काढला की सांगते, "त्याचं काम चालू हाये, स्वातीकडे." पुढच्या महिन्यात त्याच्या नावाने गोतावळ्याला जेवायला बोलावलं आहे आणि तू यावंस अशी तिची फार इच्छा आहे. जीव आता मोकळा झाला, आता ठेवायला हरकत नाही, असं ती म्हणते. तुला निरोप लिही म्हणाली की येताना बाटलीत थोडं विरजण आण, ती ढवळत जाईल. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे. बाटली आण. कुठल्याही भुशाचं पाणी चालेल. तिच्या हातात दे आणि चंदनचंच आहे म्हण. तुझं स्वतःचं एवढं गेलं असताना तुलाच खोटं बोलायला सांगतो आहे, पण दुसऱ्या कोणाचं ती मानणार नाही. बाजारातून तिने नवं गाडगं आणलं आहे आणि कालपासून ते पाण्यात भिजत घातलं आहे.

तुझाच,
धनराजकाका