भाऊजींनी रंगवलेली भिंत

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार, रागात असलो तरी वाकून. तुझे गुडघे बरे असतील (कसले बरे, तीन दिवस चार मजले बादल्या वाहते आहेस). तुमच्या इमारतीचा पंप अजून का दुरुस्त झाला नाही, असं तू विचारलंस. कारण तुझ्याच घरात आहे. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून तूच भाऊजींना माझ्या दुकानात धाडलंस.

पंपाच्या मोटारीत काय असतं ते एकदा ऐक. लोखंडाच्या खाचांत तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे. तारेतून वीज गेली की चुंबकाचा जोर तयार होतो आणि मधला दांडा फिरतो. वेढ्यांची एखादी कॉइल उलटी पडली तर मोटार जागच्या जागी गुरगुरते (आपल्या काकांसारखी). वेढे कमी भरले तर वीज जास्त ओढते, तापते आणि जळते. म्हणून जळकी तार कापण्याआधी वेढे मोजून लिहायचे. बाबांनी ते चाळीस वर्षं टेबलामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिले, पुढे मीही तिथेच. इथल्या झाडून सगळ्या मोटारी त्या भिंतीवर होत्या.

होत्या. मी तार आणायला दिवसभर बाहेर काय गेलो, भाऊजींनी भिंतीला पिवळा रंग फासला, तोही दोन हात. वर मलाच विचारतात, "प्रसन्न वाटतंय ना?" तुमच्या पंपाची जुनी तार मी आदल्या दिवशीच कापून भंगारात घातली होती, आकडा भिंतीवर आहे या भरवशावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाट्टेल ते बोललो. ते दोनदा म्हणाले, "अरे, ऐकून तर घे." मी कशाला ऐकतोय? पुन्हा दुकानाची पायरी चढू नका, असं सांगून टाकलं. बाबांचं अक्षर गेलं, ताई. ते आता कुठून आणू? त्यांना घरीच ठेव, तुझ्या भिंती रंगवू देत.

तुझा,
धाकटा

ता. क. ड्रॉवरमध्ये एक वही सापडली. रंग देण्याआधी भाऊजींनी अख्खी भिंत उतरवून घेतली आहे. बाबांच्या ओळी तर पातळ कागद लावून जशाच्या तशा गिरवल्यात.

आणखी एक. वहीत तुमच्या पंपापुढे भाऊजींची लाल खूण आहे. बाबांचा आकडा बासष्ट, खाली माझा बावन्न. वर्षात दोनदा तो का जळला ते कळलं. कुणाला सांगू नकोस (भाऊजींना ठाऊक आहे, तरी गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझी चूक काढली नाही). उद्या त्यांना पाठव. नाहीच आले तर मी येतो, तुझ्या बादल्या वर नेऊन द्यायच्या निमित्ताने.