समुद्राकडची भिंत

तीर्थरूप नानांना रत्नाचा वाकून नमस्कार.

समुद्रकाठचं घर छान आहे. पावसाचं साठवलेलं पाणी मार्चपर्यंत पुरलं, दिवे उन्हावर चालतात. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही बांधलेल्या पश्चिमेच्या भिंतीला मात्र खिडकी हवी होती. ‘पोरी, मावळतीनं ऊन घरमा नको,’ म्हणालात, आणि मीही पारोळ्याच्या उन्हात वाढलेली, मान डोलावली. इथे वारा तिकडूनच येतो. पंख्याशिवाय बसवत नाही. शेजारची काकी हसते, ‘समुद्राकडे पाठ करून बसलीस गो!’ ती गेली की दिवसभर कुणाचा आवाज नसतो.

इथला गवंडी भिंत फोडायला आला होता, मीच परत पाठवला. तुमच्या हातच्या कामाला दुसऱ्याची पहार लागू देववेना.

भिंतीत खिडकी तुम्हीच पाडा, नाना. काम दोन दिवसांचं आहे, पण महिनाभर राहायच्या तयारीनं या.

तुमची वाट पाहणारी,
रत्ना