ग्रीसच्या अलीकडे

शनि. २ जुलै '८३, हर्नडन
सुधीरचं ठरलंय. म्हणजे आमचं ठरलंय, असं तो म्हणतो. सुट्टीत युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, ग्रीस. बेलग्रेडला गाडी भाड्याने घ्यायची आणि सगळं ड्राइव्ह करायचं. अनूने शाळेत ग्रीक देवांवर प्रोजेक्ट केला तेव्हापासून तिला ग्रीस पाहायचाच आहे. अकरा वर्षांच्या पोरीला नाही म्हणवत नाही. मला पुण्याला जायचं होतं. ते पुढच्या वर्षी. ते नेहमीच पुढच्या वर्षी.

व्हिसाचं सु.नेच बघितलं. बल्गेरियाला लागतो, ग्रीसला नाही म्हणाला.

परत आल्यावर १२ ऑगस्टला माझी अमेरिकन सिटिझनशिपची शपथ. सु.ने गेल्या वर्षीच घेतली. मी एकदा पुढे ढकलली, आता पुन्हा... पाच वर्षं राहून परत जायचं, असं ठरवून आलो होतो. बारा झाली. शपथ घेतली की तो विषयच संपला. हे बोलून दाखवलं की म्हणतो, "अगं, कागद आहे नुसता."

गुरु. २१ जुलै, बेलग्रेड
विमानतळावर गंमत. माझ्या भारतीय पासपोर्टला इथे व्हिसाच लागत नाही. शिक्का मारला, मोकळी. हे दोघं अमेरिकन, ते व्हिसाच्या खिडकीशी रांगेत. मी पलीकडे बाकावर पाय पसरून बसले. अनू तिकडून ओरडली, "दॅट्स नॉट फेअर, आई." फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं.

रवि. २४ जुलै, सोफिया
गाडी लहान, एसी नाही, सु.चा आवाज मोठा. नकाशा माझ्या मांडीवर, रस्ता मात्र त्याला ठाऊक. कुणाला विचारायचं नाही. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा नकाशा चुकला म्हणे.

हॉटेलवाल्याने मान वरखाली केली म्हणून सु. बॅगा घेऊन जिना चढून गेला. इथे तो नकार असतो. खोली नव्हती. दुसऱ्या हॉटेलात जेवताना मी सवयीने नको म्हणून आडवी मान हलवत राहिले, तर सूप पुन्हा आलं. अनू हसून हसून लोळली. सु. नाही हसला.

बुध. २७ जुलै, ग्रीसच्या सीमेवर
ग्रीसला व्हिसा लागत नाही. अमेरिकनांना. भारतीयांना लागतो.

पुन्हा युगोस्लाव्हियात शिरून स्कोप्येहून भर उन्हात इथवर आल्यावर हे कळलं. अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट परत दिला, हे दोघं जाऊ शकतात म्हणाला. सु.ने स्वतःपुरती चौकशी केली आणि तेच मलाही लागू असं धरून चालला. गेल्या वर्षापर्यंत हाच पासपोर्ट याच्याही खिशात होता की! आणि वर म्हणतो काय, "माझ्याबरोबर शपथ घेतली असतीस तर ही वेळ आली नसती." मी विसरलो, चुकलं माझं, हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

अनू रडायला लागली. मी म्हटलं, तुम्ही दोघं जाऊन या, मी थांबते अलीकडे. वाटलं, नको म्हणेल. म्हणाला, "चालेल तुला? उद्या संध्याकाळी येतोच."

मला सीमेअलीकडच्या गेवगेलिया गावात एका खोलीवर सोडून गेले. मी जा म्हटलं आणि हा गेला.

गुरु. २८ जुलै, गेवगेलिया
घरमालकीण म्हातारी. एकमेकींची भाषा शून्य. भाजलेल्या मिरच्या आणि पाव पुढे ठेवून तिने खुणेने विचारलं, नवरा? मी सीमेकडे बोट दाखवलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी बाजू घेतली.

सकाळभर धुमसत होते. संध्याकाळ झाली तशी रागाची जागा भीतीने घेतली. गाडी दिसेना.

आले शेवटी. अनू उन्हाने लालबुंद. समुद्र, देवळं, बाबा कसा रस्ता चुकला, सगळं एका दमात. मग म्हणाली, "आई, यू शुड जस्ट बिकम अमेरिकन. देन यू कॅन कम विथ अस."

सहज म्हणाली पोर. सु. डिकीत उगाचच काहीतरी शोधत बसला.

रवि. ७ ऑगस्ट, हर्नडन
घरी अनू असते म्हणून ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये सु.ला विचारलं. आपण परत जाणार आहोत का? हो की नाही, एवढंच सांग.

कार्टमधल्या पिशव्या एकेक करून डिकीत ठेवल्या. मग म्हणाला, "नाही गं. मला नाही वाटत. बरेच दिवस माहीत होतं, तुला सांगायचा धीर नव्हता."

दूध राहिलंय म्हणून मी पुन्हा दुकानात गेले. दूध घ्यायचं विसरूनच बाहेर आले.

शुक्र. १२ ऑगस्ट
आज शपथ. सु.ने रजा टाकलीय. सकाळी चहा हातात देऊन म्हणाला, "तू ठरव. मी एक शब्द बोलणार नाही." आजवर गाव, घर, गाडी, सुट्ट्या सगळं याने ठरवलं. आणि नेमकं हेच माझ्या गळ्यात! आरडाओरडा केला असता तर मला सरळ नाही म्हणता आलं असतं.

साडी नेसून बसलेय. त्याने गाडी सुरू केली आहे. "पर्स सापडत नाहीये," असं मी वरून ओरडून सांगितलं.

पर्स मांडीवर आहे.