निळा ई विसरत नाही

२ फेब्रुवारी २००६, गुरुवार

उघडलं! नेटवरचं पान उघडलं, आणि मी एकटीने उघडलं! मनाली शेजारी बसून शेंगदाणे खात होती, हातसुद्धा लावला नाही तिने. माझी नणंद म्हणून सांगत नाही, पण मास्तरीण कडक आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शिकवायला मिळाली कोण, तर दहावी झालेली वहिनी! माऊस धरायला मी पंधरा दिवस घेतले. एकदाही हसली नाही. म्हणजे हसली, पण तोंड फिरवून.

आमची वळ गावची भाताची खाचरं गोदामाला दिली तेव्हा यांनी कॉम्प्युटर घेतला. खरं तर आल्यागेल्याला दाखवायला. घरात सगळ्यांना वाटतं मी त्याची फक्त धूळ पुसते. दुपारी आई झोपतात, हे गोदामावर, दोघी पोरी पेंगलेल्या. तेवढ्यात आमची शाळा. सून कॉम्प्युटरवर बसते हे सासूबाईंना कळलं तर... नकोच ते.

११ फेब्रुवारी

नेटवर जायला दोन चित्रं आहेत. एक निळा ई, कॉम्प्युटरबरोबर आलेला. हे तोच वापरतात. त्याच्यावर सारख्या खिडक्या उघडतात — तुम्ही दहा लाखावे पाहुणे, तुम्हाला बक्षीस! एक बंद केली की तीन येतात, डासांसारख्या. दुसरा केशरी कोल्हा. तो मनालीने कॉलेजातून सीडीवर आणला.

म्हणाली, तू कोल्ह्यावरच बसायचं. त्याला मी सांगून ठेवलंय, बंद केला की सगळं विसरायचं, कोण कुठे गेलं, काय लिहिलं, काही ठेवायचं नाही. "त्या ईला मात्र सगळं आठवतं हां, वहिनी."

मला मेलसुद्धा काढून दिला! परवलीचा शब्द म्हणून दोघी पोरींची नावं. मी म्हटलं, मला कोण मेल पाठवणार? तर म्हणते, मी पाठवीन.

१९ फेब्रुवारी

आज कोन शोधलं, माझं माहेर. 'पान सापडत नाही' असं आलं. नेटवाल्यांना अजून कळलेलं नाही आम्ही आहोत ते.

४ मार्च

पाळीला अकरा दिवस वर गेले. धाकटी आठ महिन्यांची आहे फक्त. तिच्या वेळी एवढं रक्त गेलं, डॉक्टरीण बाई यांना समोर बसवून म्हणाल्या होत्या, आता तीन वर्षं नाही. यांनी मान हलवली. आईंनी नाही हलवली. त्यांना नातू पाहिजे.

कोणाला विचारू? आईंना कळलं तर त्या नवस बोलून मोकळ्या होतील. मला भीती वाटते. मरायची वाटते, आणि पोरींची वाटते.

७ मार्च

मनाली कॉलेजला गेलेली. कोल्हा उघडेना. 'आधीच चालू आहे' म्हणतो! कुठे चालू आहे? मला तर दिसत नव्हता. चारदा दाबलं, चारदा तेच. आई उठायला अर्धा तास होता. मग ई उघडला. एक एक अक्षर शोधून लिहिलं, मूल राहू नये म्हणून गोळी. सुरुवातीच्या 'टॅबलेट'चं स्पेलिंग औषधाच्या पाकिटावरून घेतलं. चार ओळी वाचते तोवर नेटच गेलं. बंद करून वर प्लॅस्टिक घातलं.

८ मार्च



पाच वाजता हे आले. टेम्पोच्या किमती बघायच्या होत्या, म्हणून ई उघडला. शोधायच्या चौकोनात टी दाबला, टेम्पोचा. खाली आपोआप ओळ आली. माझी. कालची, अख्खी! हे मोठ्याने वाचायला लागले आणि मधेच थांबले. मी चहा घेऊन मागे उभी.

मला वाटलं, आता वळतील. वळले पण. म्हणाले, "तुला काय कळणार यातलं. मनालीला विचार जा. बाई बाईला सांगते."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी कप खाली ठेवला आणि मनालीच्या खोलीत गेले.

आई दाराबाहेर उभ्या. मी विचारलं, तू असं असं शोधलंस का. मनालीने माझ्याकडे बघितलं. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो. मैत्रिणीसाठी."

का म्हणाली ती असं?

९ मार्च

सकाळी सातलाच मनाली कॉम्प्युटरपुढे. पाच-दहा मिनिटं. मी दुधाच्या पातेल्यापाशी होते, लांबून बघितलं. आई ओरडल्या, "अजून हौस फिटली न्हाय का तुजी?" मग यांनी वायरच काढली आणि माझ्याकडे दिली, तुझ्या कपाटात ठेव म्हणून.

काय करत होती ती? पुसत होती का काही? लपवायचं असल्याशिवाय कोण पुसतं! म्हणजे तिनेही शोधलं असेल. अशी मैत्रीण असेलही. तसं असेल तर मी एवढी वाईट नाही.

दुपारी पाळी आली.

१० मार्च

आई मनालीला शहरात डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेल्या. तपासणी केली. काही नाही निघालं. निघणार कसं? पोर परत आली ती सरळ मोरीत गेली आणि किती तरी वेळ पाणी घेत राहिली.

मला वाटलं, आता तरी सुटेल. आई म्हणाल्या, "आज न्हाय निघाला, उद्या निघंल. कालेज बंद." हे गप्प बसले. यांचं गप्प म्हणजे हो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना. चोर आत भाकऱ्या थापत होता.

१५ मार्च

काल होळी झाली. मनालीने पुरणपोळीला हात लावला नाही. मी वाढायला गेले तर ताटावर हात धरला, पण बघत माझ्याकडेच होती.

सांगणार आहे यांना. नक्की सांगणार. पण आई मला कोनला पाठवून देतील आणि पोरी ठेवून घेतील. वर्षभरापूर्वी एकदा म्हणाल्या होत्या, बाकी कशावरून नाही, आमटी करपली म्हणून.

वायर माझ्या शालूखाली आहे. त्या बाजूला हात घालत नाही मी.

२७ मार्च

आजपासून मनालीचे पेपर होते. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. अकरा वाजता तिने घड्याळ बघितलं, मग मला बघितलं. मी आत गेले.

१६ एप्रिल

उरणकडचं स्थळ आलं. मुलगा बंदरावर कामाला आहे. सगळे म्हणतात चांगला आहे. मनालीला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

१३ मे

हळद. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती, सगळ्या बायका तिच्या मागे. मी मनालीच्या गालाला हळद लावली. तिने माझं मनगट धरलं, घट्ट. "वहिनी, काय सांगायचं न्हाय तुला?"

नवरीचं मन हळवं असतं. मी म्हटलं, सुखी राहा.

तिने हात सोडला.

२९ ऑगस्ट

मनाली गणपतीला येऊन गेली. दोन तास. माझ्याशी बोलली, पण पाहुण्यांशी बोलतात तसं. 'बरंय ना?' 'पोरी मोठ्या झाल्या.' कॉम्प्युटर होता त्या कोपऱ्याकडे तिने पाठ केली होती.

घरात तिचं नाव निघालं की मी स्वतःला सांगते, तिचीही काहीतरी भानगड असेलच. आता ते सांगायला जास्त वेळ लागतो.

१६ ऑक्टोबर

यांनी मनालीला फोन केला. पहिली दिवाळी, जावयाला दिवाळसणाला बोलवायला. ती म्हणाली, येणार नाही. भाऊबीजेला तरी? भाऊबीजेलाही नाही. यांनी फोन ठेवला. म्हणाले, "अजून राग आहे तिचा माझ्यावर."

गोदामवाल्यांचे कागद आता मेलवर येणार म्हणे. यांनी वायर मागितली. शालू बाजूला करून मी काढून दिली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आई झोपल्या. सात महिन्यांनी कोल्हा उघडला, पहिल्या झटक्यात उघडला. पोरींची नावं घातली. आत एकच मेल होता. ९ मार्च, सकाळी सात वाजून बारा मिनिटं. इंग्रजी अक्षरांत मराठी. मी बोट ठेवून वाचलं.

'वहिनी, हा तुझा पहिला मेल. दादाने वाचलं ते तुझं आहे, मला माहीत आहे. या महिन्यात तू बाजूला बसली नाहीस, तेव्हाच कळलं होतं. आज बोलू नकोस, आई पोरींना तुझ्यापासून तोडेल. दादा शांत झाला की तूच त्याला सांग. तो ऐकेल. पेपर २७ तारखेपासून आहेत, तोपर्यंत मी थांबते.'

पाच वाजता हे येतील. तेव्हा सांगणार आहे, आई समोर असल्या तरी.

पेपर मार्चमध्ये होते. ती हळदीपर्यंत थांबली होती.